तरुणींची पोटदुखी आणि न विचारलेला प्रश्न

रात्री उशिरा बेंबीच्या खाली, उजव्या बाजूला असह्य कळा सुरू होतात. अंगात ताप असतो, दोनदा उलटीही झालेली असते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी शहरात आलेल्या बाविशी-तेविशीतल्या मुलीला खोलीवरच्या मैत्रिणी रिक्षात घालून जवळच्या रुग्णालयात नेतात. तेथे पोट दाबून पाहिले जाते, रक्तातील पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळतात आणि ‘अपेंडिक्स’ असे निदान होते. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र अपेंडिक्स जवळजवळ निरोगी दिसते. त्याच्या शेजारीच उजवी गर्भनलिका सुजून लालभडक झालेली असते, तिच्या टोकातून पू झिरपत असतो आणि लहान आतड्याचे एक वेटोळे त्या पुवात लडबडून नलिकेला चिकटलेले असते.

हे कोणा एका रुग्णाचे वर्णन नव्हे. अपेंडिक्सशी गल्लत होऊ शकणाऱ्या आजारांमध्ये शल्यचिकित्सेची पाठ्यपुस्तके ज्या आजाराचा आवर्जून उल्लेख करतात, त्याचे हे नेहमीचे चित्र आहे. वैद्यकीय परिभाषेत त्याला ‘पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज’ किंवा थोडक्यात ‘पीआयडी’ म्हणतात. गर्भाशय, गर्भनलिका, बीजांडकोश आणि त्यांच्या भोवतालचा भाग यांना होणारा हा जंतुसंसर्ग आहे. वंध्यत्वाच्या संदर्भात या आजाराची चर्चा थोडीफार होते. मात्र ओटीपोटातला हा पू स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि पोटविकारतज्ज्ञांच्या हद्दी ओळखत नाही, तो शेजारच्या आतड्यापर्यंत पोहोचतो, ही बाब सहसा चर्चेत येत नाही. परिणामी मुलगी कधी पोटविकारतज्ज्ञाकडे, कधी शल्यविशारदाकडे, कधी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फिरत राहते. आणि जो एक प्रश्न विचारायला हवा होता, तो तिला कोणीच विचारत नाही.

उघडी वाट

पुरुषांची उदरपोकळी सर्व बाजूंनी बंद असते. स्त्रियांची तशी नसते. योनिमार्ग, गर्भाशयाचे मुख, गर्भाशय आणि तेथून दोन्ही बाजूंना जाणाऱ्या गर्भनलिका अशी एक अखंड वाट बाहेरच्या जगातून थेट उदरपोकळीत उतरते. नलिकेचे शेवटचे झालरीसारखे टोक बीजांडकोशाजवळ मोकळे असते. बीज टिपून घेण्यासाठी निसर्गाने ते तसे ठेवले आहे. जंतूंनाही मग तेच दार मिळते.

एरवी या वाटेवर गर्भाशयाच्या मुखाशी असलेला घट्ट स्राव पहारा देतो. गनोरिया किंवा क्लॅमिडिया यांसारखे लैंगिक संबंधांतून पसरणारे जंतू हा पहारा मोडून वर सरकतात आणि त्यांच्या मागोमाग योनिमार्गात एरवी गुपचूप राहणारे इतर जंतूही वर चढतात. तरुण वयात गर्भाशयाच्या मुखावरील पेशींची रचना क्लॅमिडियाला विशेष मानवणारी असते. पंचविशीच्या आतील मुलींना हा धोका अधिक असतो, त्याचे हे एक कारण. क्लॅमिडियाची आणखी एक अडचण म्हणजे बहुसंख्य स्त्रियांमध्ये तो कोणतेही लक्षण दाखवत नाही. ना वेदना, ना ताप, फार तर अंगावरून थोडे अधिक पांढरे जाणे, ज्याकडे घरातल्या मोठ्या बायका ‘अशक्तपणा’ म्हणून पाहतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण या आजाराचे नाव काढताच मुलीच्या चारित्र्याकडे बोट दाखवण्याची घाई होते. तीव्र पीआयडी झालेल्या स्त्रियांची तपासणी केली असता निम्म्याहून कमी जणींमध्ये गनोरिया वा क्लॅमिडिया सापडतो. बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर, क्वचित तांबी बसवल्यानंतर पहिल्या सुमारे तीन आठवड्यांतही संसर्ग वर चढू शकतो. ज्या विवाहित तरुणीचा आयुष्यात नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध आलेला नाही, तिला नवऱ्याकडूनच हा जंतू मिळालेला असू शकतो. आणि क्षयरोगामुळे होणाऱ्या गर्भनलिकेच्या संसर्गाला तर शरीरसंबंधांची गरजच नसते. त्याविषयी पुढे.

पू साचतो कुठे?

स्त्रीच्या ओटीपोटाची रचना दाटीवाटीची आहे. पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय, मागे गुदाशय. उजव्या गर्भनलिकेच्या शेजारी अपेंडिक्स आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग, डाव्या नलिकेलगत मोठ्या आतड्याचे ‘सिग्मॉइड’ नावाचे नागमोडी वळण. गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खाचेला अठराव्या शतकातील स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञ जेम्स डग्लस यांचे नाव मिळाले आहे. उभ्या असलेल्या स्त्रीच्या उदरपोकळीतला हा सर्वांत खोलगट भाग असतो. त्यामुळे नलिकेतून गळणारा पू ओघळत येऊन नेमका येथे साठतो, म्हणजे गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला अगदी टेकून.

मग गुदाशय चिडतो. वारंवार शौचाला जावेसे वाटते, बसल्यावर फारसे काही होत नाही, थोडा चिकट शेंबडासारखा पदार्थ पडतो, पोट साफ झाल्याचे समाधान मिळत नाही. आपल्याकडे या लक्षणांचे नाव ठरलेले आहे : आव. घरातल्या सर्वांना पूर्वी कधी ना कधी ती झालेली असते आणि तिच्यावरची मेट्रोनिडाझोलची गोळी कोणत्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. गंमत म्हणजे, याला गंमत म्हणणे योग्य नसले तरी, पीआयडीवर दिल्या जाणाऱ्या तीन औषधांपैकी मेट्रोनिडाझोल हे एक आहे. त्यामुळे दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांनी प्राणवायूविना वाढणारे काही जंतू दबतात, कळा कमी होतात, मुलगी कामावर रुजू होते. गनोरिया आणि क्लॅमिडिया या दोन मुख्य गुन्हेगारांवर मात्र या गोळीचा परिणाम होत नाही. आग विझलेली नसते, नुसता धूर कमी झालेला असतो.

पू पोटात पसरू लागला की शरीर आपल्या परीने त्याची कोंडी करू पाहते. आतड्यांवरून पदरासारखा लोंबणारा चरबीचा एक पडदा असतो. शल्यविशारद त्याला गमतीने ‘पोटातला पोलीस’ म्हणतात. जिथे दाह असेल तिथे तो सरकत जातो आणि त्या जागेला गुंडाळून घेतो. जवळची आतड्याची वेटोळीही येऊन चिकटतात. अशा रीतीने सुजलेली नलिका, बीजांडकोश, हा पडदा आणि आतडे मिळून एक पिशवी तयार होते आणि तिच्यात पू बंदिस्त होतो. सोनोग्राफीच्या अहवालात ज्याला ‘ट्यूबो-ओव्हेरियन अॅब्सेस’ म्हटलेले असते, ते हे गळू. शरीराने केलेला हा बंदोबस्त प्राण वाचवणारा असला तरी त्यात एक मेख आहे. या गळूची एक भिंत आतड्याचीच असते.

ती भिंत सुजते, जाड होते आणि आतून गळूचा दाब तिच्यावर सतत पडत राहतो. जवळच्या आतड्याची हालचाल मंदावते, कधी पूर्ण थांबते. पोट फुगते, गॅस सरत नाही, हिरवट उलट्या होतात. आतड्यात कोणताही अडसर नसताना ते संपावर गेल्यासारखे निपचित पडते. पू आवरला गेला की ते बहुधा पुन्हा चालू लागते.

याहून वाईट शक्यता दोन. पहिली, गळू मोकळ्या उदरपोकळीत फुटण्याची. अशा वेळी काही तासांत संपूर्ण पोट लाकडासारखे कडक होते, रक्तदाब कोसळतो आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर प्राण जाऊ शकतात. दुसरी शक्यता अधिक फसवी. गळू मोठ्या आतड्याला किंवा गुदाशयाला भोक पाडून तेथे रिकामे होते. शौचावाटे पू पडतो, ताप एकदम उतरतो, रुग्णाला बरे वाटते. घरचे म्हणतात, घाण निघून गेली. प्रत्यक्षात आतडे आणि गर्भनलिका यांच्यामध्ये एक आडवाट तयार झालेली असते. आतड्यातले जंतू आता त्या वाटेने उलट नलिकेकडे येऊ लागतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी तोच ताप, तीच कळ परत येते. डॉक्टर या वाटेला ‘फिस्टुला’ म्हणतात. ती आपोआप बुजेलच असे नाही. ती बंद करण्यासाठी कधी कधी आतड्याचा तुकडा काढावा लागतो, आणि जखम भरेपर्यंत काही महिने पोटावर शौचाची पिशवी बाळगावी लागण्याची वेळही येऊ शकते. चोविसाव्या वर्षी, लग्नाची बोलणी चालू असताना, अशी पिशवी घेऊन जगणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

या टोकाच्या गोष्टी विरळा आहेत, हे लगेच सांगायला हवे. बहुसंख्य मुलींच्या बाबतीत वेळेवर घेतलेल्या गोळ्यांनी आजार आटोक्यात येतो. पण ‘वेळेवर’ या शब्दावरच सगळे अवलंबून आहे.

चिकटलेल्या आतड्यांची गोष्ट

पू ओसरला, ताप गेला, तरी मागे एक खूण उरते. दाह झालेल्या जागी रक्तातून झिरपलेला चिकट पदार्थ दोन अवयवांमध्ये डिंकासारखा बसतो. काही दिवसांत तो विरघळला तर ठीक. नाहीतर त्यात तंतू तयार होतात, त्यांचे पापुद्रे होतात, पापुद्र्यांचे पट्टे होतात. सोनोग्राफीत हे पट्टे सहसा दिसत नाहीत. म्हणून अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि मुलगी मात्र दर महिन्याला पाळीच्या सुमारास, किंवा जेवणानंतर, किंवा शरीरसंबंधाच्या वेळी कण्हत राहते. कोणी त्याला गॅस म्हणते, कोणी ताण, कोणी ‘आयबीएस’. या सगळ्या गोष्टी स्वतंत्रपणे असू शकतात. तथापि पूर्वी केव्हा ओटीपोटाचा संसर्ग होऊन गेला होता काय, हे विचारल्याशिवाय यातले कोणतेही लेबल चिकटवू नये.

या पट्ट्यांखाली आतड्याचे वेटोळे अडकले किंवा त्यांच्याभोवती पिळले गेले, तर आतडे बंद पडते. पोटदुखी लाटेसारखी येते-जाते, उलट्या होतात, शौच आणि गॅस दोन्ही थांबतात. असा अडथळा संसर्गानंतर अनेक वर्षांनीही येऊ शकतो. पोटावर शस्त्रक्रियेचा एकही व्रण नाही आणि तरी आतडे अडकले आहे, असे तरुण स्त्रीत दिसले की डॉक्टरांच्या मनात ज्या शक्यता यायला हव्यात, त्यांत जुना पीआयडी आणि क्षय या दोन्ही असतात. आतड्याचा अडथळा अर्धवट असेल तर नाकातून नळी घालून पोट रिकामे ठेवतात, शिरेतून सलाइन देतात आणि वाट पाहतात. पुष्कळदा तो सुटतो. रक्तपुरवठा तुटल्याची चिन्हे दिसली, तर शस्त्रक्रियेला पर्याय नसतो.

मग नुसत्या दुखण्यासाठी हे पट्टे दुर्बिणीतून कापून का टाकत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. अडचण अशी की कापल्या जागी नवे पट्टे येतात. नेदरलँड्समध्ये जुनाट पोटदुखीच्या १०० रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांचे पट्टे दुर्बिणीतून सोडवले होते, उरलेल्यांच्या पोटात फक्त दुर्बीण घालून पाहिले होते. वर्षभरानंतर दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झालेले आढळले. ही चाचणी खास पीआयडीच्या रुग्णांवरची नव्हती. तरीही ‘एकदा ऑपरेशन करून सगळे मोकळे करून टाकू’ असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याइतके कारण तिने नक्कीच दिले आहे.

जाता जाता, हाच पू पोटाच्या कडेने वर चढून यकृतापर्यंत पोहोचला की उजव्या बरगडीखाली दुखू लागते आणि मग पित्ताशयाच्या खड्याचा शोध सुरू होतो. यकृत आणि पोटाची भिंत यांच्यात व्हायोलिनच्या तारांसारखे धागे ताणलेले दिसतात, याची नोंद १९३० साली कर्टिस आणि १९३४ साली फिट्झ-ह्यू या अमेरिकी डॉक्टरांनी केली होती. आजही या दुखण्याला त्या दोघांचेच नाव आहे.

‘लग्न झालंय का?’

आपल्याकडच्या दवाखान्यांत तरुणीच्या शरीरसंबंधांविषयीची चौकशी बहुधा या एका प्रश्नात आटोपते. उत्तर ‘नाही’ आले की पुढचे सगळे प्रश्न रद्द होतात, आतून तपासणी तर दूरच. आई शेजारच्याच खुर्चीवर बसलेली असते. अशा वेळी मुलगी खरे सांगेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. डॉक्टरांनाही संकोच वाटतो, नातेवाईक भडकतील अशी भीती वाटते, आणि ती सर्वस्वी निराधार असते असेही नाही. पण ही सभ्यता मुलीला महागात पडते. दोन मिनिटांसाठी आईला बाहेर बसायला सांगणे आणि ‘मी हे सर्वांनाच विचारतो, तुझे उत्तर या खोलीबाहेर जाणार नाही’ एवढे वाक्य बोलणे, यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

स्त्रियांच्या या दुखण्यांविषयीची शांतता किती जुनी आणि किती खोल आहे, हे महाराष्ट्रातच मोजले गेले आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तो काळ आणि ती गावे वेगळी होती, शहरी वाचकाला ती दूरची वाटतील. पण मुंबई-पुण्यातल्या वातानुकूलित दवाखान्यात अविवाहित मुलीची तपासणी टाळली जाते, तेव्हा तिची गणना उरलेल्या ९२ टक्क्यांतच होत असते.

निदान खरोखरच अवघड आहे, हेही मान्य करायला हवे. पीआयडी आहे की नाही हे खात्रीने सांगणारी एकही रक्ततपासणी नाही. स्वीडनमधील लुंड येथे पीआयडीच्या संशयावरून दाखल झालेल्या ८१४ स्त्रियांच्या पोटात दुर्बीण घालून पाहिले गेले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार प्रत्यक्षात ६५ टक्के स्त्रियांनाच तो आजार होता. १२ टक्के जणींना अपेंडिक्ससारखे दुसरेच काही होते, तर २३ टक्के जणींच्या पोटात काहीच सापडले नाही. म्हणून आज डॉक्टरांना दिला जाणारा सल्ला असा, की शरीरसंबंध आलेल्या तरुणीच्या ओटीपोटात दुखत असेल, दुसरे कारण दिसत नसेल आणि आतून तपासताना गर्भाशय, त्याचे मुख किंवा नलिका दुखत असतील, तर अहवालांची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करावीत. त्याआधी एक तपासणी मात्र चुकवू नये, ती म्हणजे लघवीवरून गर्भचाचणी. नलिकेत राहिलेला गर्भ फुटला तर अशीच कळ येते आणि तिथे मिनिटांचा हिशेब असतो. जिची आतून तपासणी करता येत नाही, तिच्यासाठी पोटावरून सोनोग्राफी आहे, गरज पडल्यास सीटी स्कॅन आहे.

उशिराची किंमतही लुंडमध्येच मोजली गेली. १९६० ते १९८४ या काळात दुर्बिणीतून पीआयडीची खात्री झालेल्या १,८४४ स्त्रियांचा तेथील लार्स वेस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला. एकदा संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ८ टक्के स्त्रियांना नलिका बंद झाल्यामुळे वंध्यत्व आले. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण १९.५ टक्के, तर तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ४० टक्के होते. त्याच रुग्णालयातील माहितीवर आधारलेल्या, १९९३ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात, दुखू लागल्यावर तीन किंवा अधिक दिवस उशिरा आलेल्या स्त्रियांमध्ये वंध्यत्व वा नलिकेतील गर्भधारणा यांची शक्यता जवळजवळ तिप्पट आढळली. तीन दिवस म्हणजे आव समजून गोळ्या घेण्यात सहज निघून जातील एवढाच काळ.

क्षयाचा वेगळा हिशेब

पाश्चात्त्य पुस्तके पीआयडीच्या प्रकरणात क्षयाला दोन ओळी देतात. भारतात तेवढ्याने भागत नाही. क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे गर्भनलिकेत जाऊन बसतात. जननेंद्रियांच्या क्षयात बहुसंख्य रुग्णांमध्ये नलिकाच बाधित असतात. आतड्यात त्यांची आवडती जागा म्हणजे लहान आणि मोठे आतडे जिथे मिळतात तो उजवीकडचा सांधा, अर्थात पुन्हा अपेंडिक्सचाच शेजार. या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी आजार असू शकतो. बारीक ताप, वजन घटणे, पाळी कमी होत जाणे किंवा थांबणे, पोटात पाणी किंवा गोळा, मध्येच आतडे अडकल्यासारख्या कळा, असा त्याचा संथ प्रवास असतो. ज्या मुलीचे शरीरसंबंध कधीच आलेले नाहीत तिलाही तो होतो. हे घरच्यांना ठाऊक असेल तर एक अनाठायी संशय टळेल.

यात धोका असा की, नेहमीची प्रतिजैविके देऊनही आराम पडत नाही म्हणून औषधे बदलत राहायची आणि क्षयाचा विचार महिनोन्महिने करायचाच नाही. काही प्रतिजैविके क्षयाच्या जंतूंना थोडीशी दाबतात, त्यामुळे निदान आणखी लांबते. खात्रीसाठी ऊतीचा तुकडा काढून तपासावा लागतो. उपचार साधारण सहा महिन्यांचे असतात आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ते विनामूल्य मिळतात.

गर्भपातानंतरची पोटदुखी

आतड्याला थेट इजा होण्याचा एक मार्ग याहून क्रूर आहे. अप्रशिक्षित हातांनी काडी, नळी किंवा हत्यार घालून केलेल्या गर्भपातात गर्भाशयाला भोक पडते आणि हत्यार त्यातून पलीकडच्या आतड्यात शिरते. पहिल्या दिवशी थोडा रक्तस्राव आणि दुखणे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आणि फुगलेले पोट. मुलगी काय घडले ते सांगत नाही, कारण सांगण्यासारखे आपल्याजवळ काही उरलेले नाही असे तिला वाटते.

वास्तविक कायदा तिच्या बाजूने आहे. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा भारतात १९७१ साली संमत झाला. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवण्यात आली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीतून अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही असा निर्णय दिला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, वडिलांची नाही. रुग्णालयावर गोपनीयतेचे बंधन आहे. तरीही दवाखान्याच्या काउंटरवर ‘बरोबर कोण आहे?’ हा प्रश्न पहिला येतो, आणि पुष्कळ मुली तेथूनच परत फिरतात.

उपचार कसे होतात?

सौम्य आणि मध्यम आजारासाठी रुग्णालयात दाखल होण्याची गरज नसते. ८३१ स्त्रियांचा समावेश असलेल्या एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. घरी राहून उपचार घेतलेल्या आणि रुग्णालयात दाखल केलेल्या स्त्रियांच्या प्रकृतीत तिच्यात फरक आढळला नाही. एकाच वेळी अनेक जंतूंवर मारा करावा लागत असल्याने दोन-तीन प्रतिजैविके एकत्र दिली जातात आणि ती १४ दिवस घ्यावी लागतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या लक्षणाधारित उपचारपद्धतीत ओटीपोटदुखीसाठी पिवळ्या रंगाचा ‘संच क्रमांक सहा’ आहे. त्यात सेफिक्सिम, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सिसायक्लिन ही औषधे असतात. चौथ्या दिवशी बरे वाटू लागते आणि गोळ्या बंद होतात, हा सर्वत्र आढळणारा अनुभव आहे. दुसरी चूक म्हणजे जोडीदाराला औषध न देणे. त्याला लक्षणे नसली तरी जंतू असू शकतो, आणि मग मुलगी बरी होऊन पुन्हा त्याच जंतूला सामोरी जाते. लुंडचे दुसऱ्या आणि तिसऱ्या संसर्गाचे आकडे येथे आठवावेत.

उपचार सुरू झाल्यावर ७२ तासांत आराम पडायला हवा. न पडल्यास निदान चुकले आहे किंवा गळू झाले आहे, असे समजून पुन्हा तपासणी होते. गर्भवती स्त्री, सतत उलट्या होणारी, तीव्र ताप असलेली, गळू झालेली किंवा अपेंडिक्सची शंका असलेली रुग्ण यांना मात्र दाखलच करावे लागते. गळू लहान असेल तर शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकांनी विरघळू शकते. मोठे असेल तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या साह्याने सुई वा नळी घालून पू काढला जातो. दाह तीव्र असताना आतड्याची भिंत ओल्या कागदासारखी नाजूक झालेली असते. तेव्हा चिकटलेली आतडी सोडवण्याचा अट्टहास केला तर तेथेच भोक पडण्याची भीती असते. म्हणून अनुभवी शल्यविशारद आधी फक्त पू काढून घेतात, आणि उरलेली शस्त्रक्रिया लागलीच तर ती पुढे ढकलतात. अशी शस्त्रक्रिया होणार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आतड्यांचे शल्यविशारद दोघेही उपलब्ध आहेत ना, हे नातेवाइकांनी आधी विचारून घ्यावे. मोठ्या शहरांत हे अवघड नाही.

पोट फुगून गॅस सरणे थांबणे, हिरव्या उलट्या, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, पाळी चुकलेली असताना अचानक आलेली कळ, शौचावाटे पू किंवा रक्त, यांपैकी काहीही असेल तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वेदनाशामक गोळी घेऊन झोपणे हा त्यातला सर्वांत वाईट पर्याय.

बरे झाल्यावर रुग्णालयातून मिळालेला कागद सहसा कपाटात किंवा केराच्या टोपलीत जातो. लग्न ठरत असेल तर तो मुद्दाम फाडलाही जातो. पण पुढे कधी सिझेरियन, अपेंडिक्स किंवा पोटाची दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया करावी लागली, तर गर्भाशयामागे आतडे चिकटलेले असू शकते ही माहिती पोट उघडणाऱ्या डॉक्टरांना आधीच हवी असते. कागद जवळ ठेवायचा नसेल तर आजाराचे नाव, वर्ष आणि गळू झाले होते की नाही, या तीन गोष्टी तरी लिहून ठेवाव्यात आणि शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना एकट्याने भेटून सांगाव्यात.